जिवंत दादाची तसबीर

तीर्थरूप दादास,
धाकट्या लाय-हिंगचा वाकून नमस्कार. व्हँकूव्हरला थंडी सुरू झाली असेल. वहिनींचा गुडघा कसा आहे? आणि तुझी प्रकृती? एरवी शिरस्ता म्हणून विचारते, या वेळी मनापासून विचारते आहे. श्वास वगैरे व्यवस्थित चालू आहे ना? कारण इकडे वान चायमध्ये तू वारलास.

घाबरू नकोस, सगळं सांगते. आपली चाळ आता पाडायची नाही, जपायची, असं ठरलंय. (पन्नास वर्षं गळत होती तेव्हा कुणी ढुंकून पाहिलं नाही, आता तिच्या शेवाळाचेसुद्धा फोटो काढतात.) पण नुसती जपून काय करायचं, तिला काहीतरी नवा उपयोग हवा, म्हणून चाळ जपणाऱ्या संस्थेने यिक नावाची एक मुलगी नेमली आहे. मुलगी गोड, पण चाळीला उपयोग शोधते म्हणजे जणू उपवर मुलीला स्थळं शोधते. आधी चित्रांचं प्रदर्शन झालं, मग योगासनं झाली. आता पहिल्या मजल्यावरची, बाबा लोकांची मोडलेली हाडं बसवायचे ती खोली कॉफीवाल्याला द्यायचं घाटतंय. आम्हा म्हाताऱ्यांना ती बसाउठायला हवी आहे. गेल्या हिवाळ्यात चुंग न्हावी मोरीत पडला आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कुणाला पत्ता नव्हता, तेव्हापासून मला वाटतं की रोज एकमेकांची तोंडं दिसतील अशी एक जागा असावी. यिक म्हणाली, "आजी, मध्य-शरदाच्या सणानंतर संस्थेचं मंडळ पाहणीला येईल. खोली तुम्ही वापरताय असं दिसलं तर तुमची. नाहीतर कॉफी."

तोवर तिने ती खोली 'जुन्या काळासारखी' सजवायला घेतली आणि माझ्याकडे सामान मागितलं. मी बाबांचा देव्हारा दिला, आणि तू परदेशी जाताना काढलेला कोटातला मोठा फोटो दिला. भिंतीवर कुठेही लावतील, असं मला वाटलं. सजावट करणाऱ्या पोरांनी तो बरोबर देव्हाऱ्याच्या वरच्या खिळ्याला टांगला (खिळा तयार होता म्हणे!), खाली उदबत्तीचं भांडं, दोन्ही बाजूंना संत्री. त्या दिवशी माझा पाय धरला होता म्हणून मी वरच होते. शेजारच्या मोक वहिनी भाजी घेऊन येताना डोकावल्या, आणि बाजार तिथेच टाकून त्यांनी तीन उदबत्त्या लावल्या. मग धापा टाकत माझ्याकडे आल्या. "अगं, एवढं झालं आणि मला कळवलं नाहीस? सख्ख्या शेजारणीला?"

मी लंगडत खाली गेले खरी, खरं काय ते सांगायलाच. पण तिथे चुंग तुझ्यापुढे तीनदा वाकून ढसाढसा रडत होता. बुद्धिबळावरून तुमचं वाजलं तेव्हापासून त्याने तुझं नाव घेतलं नव्हतं. "अरे लबाडा," तो फोटोला म्हणत होता, "घोड्याची चाल तुझीच बरोबर होती रे!" आता असल्या माणसाला, तू जिवंत आहेस, हे कोणत्या तोंडाने सांगू?

तेव्हापासून खोलीत रोज बैठक असते. कुणी भाजलेलं डुक्कर आणतं, कुणी चहा. गेलेल्यांना पोचाव्यात म्हणून जाळायच्या कागदाच्या सोनमोहरा दुमडत तुझ्या आठवणी निघतात. (तू इतका दानशूर होतास हे मला घरात राहून कळलं नव्हतं.) शिंपीणबाईंची मुलगी सौ-हा तर म्हणाली की तू तिला मागणी घालणार होतास. वहिनींना हे पत्र वाचायला देऊ नकोस. तुझ्या नावाने आम्ही कागदाची मोटार, कागदाचा टीव्ही आणि चुंगच्या आग्रहावरून कागदाची कवळी जाळली. पोचली असल्यास कळव. यिक बिचारी हरखली आहे. म्हणते, चाळीला इतका जिवंत उपयोग आजवर कुणी शोधला नव्हता.

तुझी बहीण,
लाय-हिंग

ता. क. खरं काम लिहायचं राहिलं. मंडळ येऊन जाईपर्यंत कृपा करून इकडे कुणालाही फोन करू नकोस. महिनाभर मेलेला राहा. तुला काय जड आहे?

ता. क. २. पत्र पाकिटात घालून परत काढलं. काल सगळे गेल्यावर मीही तुझ्यापुढे उदबत्ती लावली. तू ठणठणीत आहेस हे मला चांगलं ठाऊक, तरी रडू आवरेना. तू खरंच जाशील तेव्हा तिकडे बर्फात जाशील, आणि मला इथे फोनवर कळेल. आई गेल्यापासून तू आला नाहीस, दादा. वरचं सगळं खोड. मंडळ यायच्या आधी आलास तरी चालेल. खोली गेली तर जाऊ दे, आपण जिन्यात बसू.