शाळूचा देखावा

२० सप्टेंबर १९६१
वही, माफ कर. पोळ्यापासून तुला हात लावला नाही. डोक्यात काम होतं. ग्रामसेवक म्हणाला, "तात्या, येरमाळ्याच्या प्रदर्शनात तुमचा देखावा पाहिजे." गावात अशी कला माझ्याच हातात. नाव ठरलं : 'धरणी आणि माणूस'. मातीचा डोंगर, काटक्यांचं गाव, मधे हिरवं शेत. कागदाचं नाही, उगवलेलं.

२३ सप्टेंबर
खायची ज्वारी पेरून पाहिली. उगवली नाही. भुंग्यानं पोखरलेली. आमच्या मंडळींनी, धुरपदानं, उतरंडीच्या वरच्या मडक्यात शाळूचं, यंदाच्या रब्बी ज्वारीच्या पेरणीचं बी राखेत ठेवलंय. एकेक कणीस स्वतः निवडलेलं. त्यातलं मूठभर घेतलं. फक्त मूठभर.

२४ सप्टेंबर
मूठभराचं शेत ताटाएवढं होतं. कलेत कंजुषी नको. सगळंच घेतलं. मडक्यात खडे टाकून वर राख भरली. शेजारच्या चाँदपाशाच्या गोठ्यात देखावा मांडलाय, त्यात पेरलं. धुरपदाला आजच सांगणार.
संध्याकाळी : तिचं डोकं दुखत होतं.

२६ सप्टेंबर
आज तिचा उपास. उपाशी माणसाला काय सांगायचं?

२८ सप्टेंबर
आज ती खुशीत. कशाला मन मोडा? चाँदपाशा म्हणतो, "भाभींना सांगा, न्हायतर मी सांगतो." त्याला कलेतलं कळत नाही. जेवण जात नाही. पित्त असावं.

२ ऑक्टोबर
प्रदर्शन. गर्दी लई. धुरपदा शेतापुढं बसली, रोपांवरून हात फिरवला. "किती एकसारखं उगवलंय हो! कुणाचं बी?"
म्हणालो, "सरकारी."
"थोडं मागून ठेवा. आपल्या बियात मिसळू."
व्हय म्हणालो. उद्या नक्की सांगतो.

५ ऑक्टोबर
पेरणीसाठी तिनंच मडकं उतरवलं. राख चाळत बसली. खड्यांत चार दाणे निघाले, ते पदराला बांधले. मग एवढंच म्हणाली, "सरकारी व्हय?"
दुपारच्या मोटारीनं ईटला माहेरी गेली, भावाकडं बी मागायला. लग्न झाल्यापासून त्याच्यापुढं कधी हात पसरला नव्हता.

९ ऑक्टोबर
दुसरा नंबर आला. बक्षीस, झेंडूच्या बियांची पुडी. मडक्यात ठेवली. देखाव्यातला शाळू पिवळा पडला. रानातली ओल उडत चालली. चाँदपाशा उद्या ईटला जातोय, त्याच्याकडं निरोप देतोय.
धुरपदा, बी मिळालं का न्हाय, ते राहू दे. तू कधी येतीस तेवढं कळव. लवकर कळव.