अब्बांची ओळ

शुक्रवार, संध्याकाळ. इब्रा, ओमान.

आज पोरीला सूर बंदरात नेलं, खलाशांच्या गाण्यांचं म्युझियम दाखवायला. अब्बांनी तिथल्याच गलबतांवर उमर काढली, म्हणून. हेडफोन लावला. शीड ओढतानाचं गाणं होतं. एक जण हाक देतो, बाकीचे सगळे ओ देतात. पोर म्हणाली, "अम्मी, हे तर अमेरिकेतल्या ब्लूज गाण्यांसारखं आहे. सेम!"

माझं लक्ष कुठलं! ती ओ द्यायची ओळ अब्बांची होती. रत्नागिरीला परतल्यावर पडवीत बसून तेवढीच म्हणायचे, आणि गप्प. जरा वेळाने पुन्हा तीच. अम्मी हसायची, "पुढचं विसरलेत." आम्हीही हसायचो. ते गप्प बसणं... विसरणं नव्हतंच ते. हाकेसाठी थांबायचे. आमच्या भरल्या घरात बसून, इतकी वर्षं? अब्बा गेले, आता विचारू तरी कुणाला?

परतताना गाडीत पोर सहज हाकेची ओळ गुणगुणली आणि थांबली. माझ्याकडे बघत राहिली. पुढची ओळ मला लहानपणापासून पाठ आहे.

मी रेडिओ लावला.