चौथं कारण

३ मार्च
आले एकदाची! भाऊजींनी केंद्राच्या फाटकापर्यंत येऊन माझी ट्रंक उचलली. काम सोपं आहे. यंत्राच्या खोलीतच कोरडी विहीर आहे, फळ्यांनी झाकलेली. तळाशी तांब्याची पट्टी पुरलेली. रोज फटीतून तिच्यावर मिठाचं पाणी ओतायचं आणि काट्यावरचा आकडा लिहायचा. पृथ्वीच्या पोटात वीज कुठे सहज वाहते, ते त्यावरून कळतं. दोन वर्षांपूर्वी हे याच विहिरीत पडून गेले. तळाला भेग होती, अंग सापडलं नाही. यांची खुर्ची अजून आहे. घरी आले की हे दारातून विचारायचे, वाचत बसलीस का? त्या खुर्चीत बसून बरं वाटलं.

६ मार्च
भाऊजी म्हणाले, खोलवर वीज वाहायला कारणं तीनच: खारं पाणी, वितळलेला खडक, नाहीतर ग्राफाइट, पेन्सिलीत असतं ते. मी म्हटलं, यांच्या पुस्तकात वाचलंय. तर हसले, वहिनी सातवी पास आणि आम्हाला शिकवणार!
आजचा आकडा: वीज वाहते तो थर चाळीस किलोमीटर खोल.

१२ मार्च
एकोणीस. खडक आठवड्यात एवढा वर येत नाही, इतकं मलाही कळतं. भाऊजी म्हणाले, यंत्र म्हातारं झालंय, माझ्यासारखं. पण पाणी दुप्पट ओतायला सांगितलं.

१५ मार्च
सहा. पाणी मुरत नाही, ओढलं जातं. तान्हं मूल पितं तसं, थांबत थांबत.

१६ मार्च
कपाटामागे यांची जुनी वही सापडली. दर दोन वर्षांनी ते असंच वर येतं. मग कुणीतरी विहिरीत ‘पडतं’, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चाळीस.
शेवटचं पान यांच्या अक्षरात: धाकटा भाऊ म्हणतो, आता तुझी पाळी. मी म्हटलं, मला सोड, बायकोला बोलाव. ती विचारत नाही, वाचत बसते.
खाली दुसऱ्या दिवशीचा आकडा. भाऊजींचं अक्षर. चाळीस.
अठ्ठावीस वर्षं रोज सकाळी यांचा चष्मा पुसून दिला मी.

१७ मार्च, सकाळ
दाराला बाहेरून कडी. भाऊजी पलीकडून म्हणतात, वहिनी, एवढी बादली ओता, मग उघडतो.
ओतली नाही. तरी तीनशे मीटर —
माणूस म्हणजे तरी काय. खारं पाणीच.

दुपार
वीस मीटर. विहिरीतली शिडी वाजतेय, खालून. डावा पाय ओढत. यांची ती चाल मी कुठेही ओळखेन. दोन वर्षं मीच म्हणत होते, एकदा तरी या —
रडायचं नाही. थेंबसुद्धा नाही —
फळीखालून विचारतायत, वाचत बसली —
पानावर पडला. घरंगळला. फटीकडे —