रान भाड्याने दिलं, अंगण नाही

१२ ऑक्टोबर, सोमवार
प्रभूच्या कृपेने मागचं रान हरणांच्या शिकारीला भाड्यानं गेलं. घेणारे ह्यूस्टनचे डेल्बर्ट आणि त्यांचे दोन मेहुणे. निम्मे पैसे आज, निम्मे हंगाम संपल्यावर. त्यातून विहिरीचा पंप. उन्हाळ्यापासून बादल्यांनी पाणी ओढतेय. करारात अट माझी: घरापासून दोनशे यार्डांत बंदूक नाही. वाळत घातलेल्या चादरींना भोकं पडली तर भरून कोण देणार?

२० ऑक्टोबर
हरणं धष्टपुष्ट असली की गिऱ्हाईक खूश. म्हणून मका आणला. रानापर्यंत चालवत नाही, स्वयंपाकघरामागेच टाकला. हा धंदा आहे, माया नव्हे. मोठ्या शिंगांचा एक नर रोज माझ्या प्रार्थनेच्या वेळेला येतो. नाव काय ठेवलंस, असं एमिलनं विचारलं. विकायच्या मालाला नाव देणारी बायको त्यानं केलेली नाही, असं मी सांगितलं.

७ नोव्हेंबर, शनिवार
हंगाम सुरू. तिघे पहाटेपासून मचाणावर. एक शेपूटसुद्धा दिसलं नाही म्हणे. मी म्हटलं, हवा वाईट आहे. सगळी हरणं कपड्यांच्या दोरीखाली होती, पण ती कुठे आहेत हे सांगायची अट करारात नाही.

२६ नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंग
तिघांना जेवायला बोलावलं, उपाशी माणसाला परत पाठवणं पाप. धाकट्या मेहुण्यानं टर्की खाता खाता विचारलं, काकू, या रानात हरणं आजोबांच्या काळी होती का? सगळे हसले, मीही हसले. उचल मक्यात संपली. एमिल म्हणतो, आपला पंप हरणांनी खाल्ला. त्याला भांडवल कळत नाही.

३ जानेवारी, रविवार
हंगाम संपला. शिकार शून्य. डेल्बर्ट उरलेले पैसे द्यायला आले. केक खाताना त्यांची नजर खिडकीबाहेर गेली, तिथेच राहिली.
"काकू, याचं नाव काय?"
हरणाला कसलं नाव, असं मी म्हणतेय तोवर त्यानं गुलाबाला तोंड लावलं.
"ओटो, सोड ते. आत्ताच जेवलास ना?"
एमिलला खोकला आला. डेल्बर्टनी तरीही पाकीट पुढे केलं. मी घेतलं नाही. प्रभूच्या दिवशी मी पैशांचा व्यवहार करत नाही, एवढंच कारण.
पुढच्या वर्षी ते येणार नाहीत. पंप बघू.
संध्याकाळी घरात लागेल तेवढं पाणी ओढलं. वर एक बादली अंगणातल्या टबात ओतली. गुलाबांसाठी.