साहेबांच्या कोटावरचा डाग

सोमवार, ४ मार्च
आजपासून नाट्यगृहाचा कपडेपट माझ्या ताब्यात. रंगमंचामागची खोली, दांड्यांवर अंगरखे, शिलाई मशीन, कोपऱ्यात मोरी. नोकरी साहेबांनी मिळवून दिली. साहेब म्हणजे नाटकाचे नायक; मला ताई म्हणतात. प्रॉम्प्टरकाकांनी डब्यातला घास पुढे केला. म्हणाले, इथे भिंतींना कान आहेत, तोंड मात्र माझं एकट्याचं. पोट धरून हसले मी.

शुक्रवार, ८ मार्च
काका सांगत होते, साहेबांना हल्ली वाक्यंच आठवत नाहीत, अर्धं नाटक विंगेतून मीच बोलतो. उद्या नाट्यगृहाच्या मालकांच्या कानावर घालणार आहेत. वळून पाहिलं तर साहेब दारात. हसले आणि निघून गेले.

शनिवार, ९ मार्च
सकाळी साहेबांनी कोट आणून दिला. बाहीवर डाग. म्हणाले, "ताई, रंग सांडला, जरा काढून टाका." रंग गरम पाण्याने सुटतो. हा सुटेना. गार पाणी आणि मीठ घेतलं, तेव्हा सुटायला लागला. दोन लेकरं वाढवलेल्या बाईला रक्त ओळखू येतं.
तेवढ्यात बाहेर आरडाओरडा. काका जिन्याखाली पडलेले, डोकं फुटलेलं, जीव गेलेला, शेजारी नेपथ्य उभारणाऱ्या सुताराचा हातोडा. कालच त्याची नि काकांची जुंपली होती, म्हणून पोलीस सुताराला घेऊन गेले.
मी खोलीत परत आले आणि उरलेला डाग काढला.

मंगळवार, १२ मार्च
पोलिसांना म्हटलं, मी काही पाहिलं नाही.
सुताराची बायको मागच्या दाराशी बसून असते. आज मला बघून उठली. म्हणाली, ताई, तुम्ही आतलं माणूस, काही कळलं तर सांगा हो. मी मान खाली घालून आत शिरले. आरशांकडे बघवत नाही, आणि इथे जिकडेतिकडे आरसेच.

गुरुवार, १४ मार्च
मालकांना सगळं सांगितलं. उद्या दुपारी पोलीस ठाण्यात जाऊ म्हणाले. फार उशीर केलास, असंही म्हणाले. खरंच आहे.
संध्याकाळी साहेब समोरून गेले. ताई म्हणाले नाहीत.

शुक्रवार, १५ मार्च, दुपार
मालक आलेच नाहीत. फोनही —
प्रयोग चालू आहे. भिंतीपलीकडे नायिका एकच वाक्य पुन्हा म्हणतेय. साहेबांनी आता यायला हवं होतं. ते रंगमंचावर नाहीत —
बाहेर पावलं. दाराशी थांबली. कडी लावलीय, पण फळी जुनी —
डाग मी काढला. जाणूनबुजून. सुताराने काही केलेलं नाही. त्याच्या बायकोला सांगा, मला त्याच दिवशी