कानडीतल्या चार ओळी

आक्का, चिक्कोडीत बरी हैस न्हवं?

तुझं ऐकून मच्छेच्या शिबिरात गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी केली. दुखलं न्हाय गं, दोन मिनिटांचं काम. सोमवारी आशाताईनं सगळ्या बायकांना तपासणीचे कागद वाटले, कानडीत लिहिलेले. मला कानडी बोलता येतंय, वाचता न्हाय. शेजारच्या मालुबाईच्या कागदावर एकच ओळ. माझ्या कागदावर चार, खाली लाल रेघ.

"वाचून सांगू?" आशाताईनं विचारलं.

"आमची आक्का वाचती," म्हणून मी पळाले.

कागद तांदळाच्या डब्यात लपवलाय. रोज तांदूळ काढताना बोटांना लागतोय. लई भ्या वाटतंय. लवकर कळलं तर बरं होतंय, तूच म्हणतीस. पण हे पत्र धाडलं तर तो कागदबी धाडावा लागंल.

तुझी धाकटी,
रेणू