बाबा आणि कंजूष

प्रिय खटपट्या,

तू पाठवलेलं रेकॉर्डिंग मिळालं. खाली लिहिलं होतंस, "ताई, डोळे मिटून ऐक." ऐकलं. आता डोळे चांगले उघडे ठेवून हे पत्र लिहितेय, कारण फोन केला असता तर मी ओरडले असते आणि तू नेहमीसारखा "आवाज तुटतोय गं" म्हणून सुटला असतास. पत्रात आवाज तुटत नाही. पुरतं वाच.

आधी घरचं. आईची तब्येत तशी ठणठणीत आहे. परवा तिचा चष्मा फ्रिजमध्ये सापडला. तो घालून "आज सगळं कसं गारगार दिसतंय" म्हणाली आणि आम्ही दोघी पोट धरून हसलो. शाळेत नव्या मुख्याध्यापिकेने माझा संगीताचा वर्ग मैदानाकडच्या खोलीत हलवलाय, त्यामुळे माझी मुलं गिटारवर बोटं शोधतात आणि बाहेरून कवायतीच्या शिट्ट्या वाजतात. पण त्या शिट्ट्यांचाही मला इतका राग आला नाही, जितका तुझ्या त्या साडेचार मिनिटांचा आला.

अरे, तो आपला खेळ होता! बाबा संध्याकाळी हॉटेलच्या बँडमध्ये वाजवायला निघायच्या आधी, स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून. जे दोन वादक जन्मात कधी भेटले नाहीत त्यांना समोरासमोर बसवायचं आणि काय होईल ते सांगायचं. जगभर नाव असलेली माणसं, पण आपल्या घरात त्यांना आपलीच नावं. एकेक सूर पदरचे पैसे मोजल्यासारखा काढणारा तो कंजूष. मूठमूठ सूर उधळत सुटणारा तो उधळ्या. आणि लाडाने कान उपटल्यासारखं वाजवणारी ती मावशी. बाबा दोन्ही बाजू एकाच गिटारवर वाजवून दाखवायचे. उधळ्याचा धबधबा कोसळत राहायचा, आणि कंजूष नुसता बसून. तू कासावीस होऊन विचारायचास, "बाबा, तो झोपला का?" मग बाबा एकच सूर काढायचे. एकच. आणि म्हणायचे, "बघ, उधळ्याने गिटार खाली ठेवली." आई मागून ओरडायची, "दोघांनाही बाहेर काढा, मला ओटा पुसायचाय!"

त्या खेळात बाबांनी स्वतःला कधी बसवलं नाही, हे तुला आठवतं ना? तूच एकदा हट्ट धरला होतास, "आज तुम्ही आणि कंजूष!" ते म्हणाले, "छे रे, त्याला माझ्याशेजारी बसवायचं तर आधी त्याला विचारायला हवं." तेव्हा आपल्याला तो विनोद वाटला.

तू कोणाला विचारलंस? कंजूषाला विचारलंस? तो बिचारा बाबांच्याही आधी गेला. बाबांना विचारलंस? मला तरी? त्यांच्या जुन्या कॅसेटी मी कपाटातून काढल्या, बुरशी पुसली, एकेक ऐकून तुला पाठवल्या, त्या जपून ठेवायला. यंत्राला चारायला नव्हे! जाहिरातींना आवाज चढवता चढवता तुझ्या डोक्यात हे शिरलं असणार. मेलेल्या दोघांना संगणकात घालायचं, ढवळायचं, त्यांनी कधी न वाजवलेलं त्यांच्याकडून वाजवून घ्यायचं आणि "बाबा आणि कंजूष, अखेर एकत्र!" म्हणून सगळ्या नातेवाइकांना वाटायचं. आत्या लिहिते, "हुबेहूब दादा!" काका लिहितो, "अंगावर काटा आला." माझ्याही आला, पण वेगळा.

हुबेहूब? बाबांची डावी करंगळी हॉटेलच्या मालवाहू लिफ्टच्या दारात चेंगरली तेव्हा तू पाळण्यात होतास. ती पुन्हा कधी वाकली नाही. पुढे जन्मभर त्यांनी तीन बोटांवर गिटार वाजवली. जिथे करंगळी लागायची तिथे ते सूर गाळायचे, किंवा दुसऱ्या बोटाला लांबून घसटत आणायचे. ती घसट म्हणजे आपले बाबा. ती कानावर आली की दाराबाहेरूनही कळायचं, ते घरात आहेत. तुझ्या साडेचार मिनिटांत ते दुसऱ्याच मिनिटाला असे सरसर वर चढतात की चार काय, पाच बोटं असावीत. तू आपल्या बाबांना नवीन करंगळी बसवलीस. वर अवघड जागेआधीचा त्यांचा खोकला काढलास, खुर्चीची कुरकुर काढलीस, मागे आईने सोडलेला नळ काढलास. राहिलं काय? दोन सभ्य गृहस्थ. "आधी आपण", "नाही नाही, आधी आपण" करत एकमेकांना वाट देणारे. त्या खेळात कोणी असं वागलं असतं तर बाबांनी दोघांनाही हाकलून दिलं असतं.

आणि वर तुझा निरोप, की पुढच्या महिन्यात हे साऱ्या जगासाठी नेटवर टाकणार, माझी हरकत नाही ना? आहे. सपशेल आहे. पण नुसती हरकतच कळवायची असती तर ती दोन शब्दांत कळवली असती.

तू ते आईलाही पाठवलंस. तिच्या त्या मोठ्या पडद्याच्या खेळण्यावर, टॅबवर, एक बोट लावलं की पुन्हा पुन्हा वाजत राहील असं बसवून. तू प्रेमानेच केलंस, मला माहीत आहे, आणि म्हणून तर आणखी संताप होतो, कारण धड शिव्याही देता येत नाहीत. चष्म्याची गंमत तुला सांगितली, बाकीचं आजवर सांगितलं नाही. आईचं विसरणं आता चष्म्यापुरतं राहिलेलं नाही. गेल्या आठवड्यात मी शाळेतून आले तर टेबलावर तीन ताटं, खुर्चीवर बाबांचा इस्त्री केलेला शर्ट, आणि आतल्या खोलीत ते वाजतंय. आई खुशीत होती. मला म्हणाली, "त्यांना सांग, पुरे झालं आता, जेवायला या. कोणी पाहुणा आलाय वाटतं वाजवायला, त्यालाही बोलाव." मी आत जाऊन ते बंद केलं. बाहेर आले तर ती माझ्याकडे असं बघत होती, जसं माझ्या लहानपणीही तिने कधी बघितलं नव्हतं. "काय बोललीस त्यांना? घालवलंस ना?" त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी मी ते खेळणं लपवलं, तर दारात खुर्ची टाकून बसली. रोज बसते. कुठे गेलेत विचारते. मी सांगते, कामावर. तीन वर्षांपूर्वी बाबा गेले तेव्हा तुझं विमान तिकडून अजून सुटायचं होतं आणि दवाखान्यातून घरी येऊन आईला ते सांगायचं काम माझ्या वाट्याला आलं. दार उघडताना तिच्या हाताला साबणाचा फेस होता. ते वाक्य मी एकदा बोलले आहे, पुन्हा मला जमणार नाही. यावेळी त्यांना तू घरी आणलंस. तेव्हा सगळं टाकून ये, तिच्याशेजारी बस, आणि ते गेले हे तिला तू सांग.

तुझीच, रागावलेली आणि वाट बघणारी,
ताई